वाचकांचे प्रश्न : रायफलवर दुर्बीण बसवताना

या वेळच्या बहुतेक पत्रांत तक्रार एकच आहे. दुर्बीण चांगली घेतली, गोळ्याही बदलून पाहिल्या, तरी ग्रुप, म्हणजे कागदावरचा गोळ्यांचा झुबका, एका जागी टिकत नाही. अशा वेळी आधी दुर्बिणीवर शंका घेतली जाते, आणि दोष बऱ्याचदा तिच्याखालच्या चार-सहा स्क्रूंत असतो. म्हणून हा भाग माउंट (दुर्बीण रायफलला धरणारी जोडणी), रिंगा (दुर्बिणीच्या नळकांड्याभोवतीच्या कड्या) आणि रेल (रायफलवरची पट्टी) यांसाठी ठेवला आहे. खालचं प्रत्येक काम मॅगझिन काढून, बोल्ट उघडून आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासूनच करायचं. शक्य असेल तर बोल्ट बाहेर काढूनच ठेवा.

प्रश्न : माझ्या रायफलच्या रिसीव्हरवर (बोल्ट ज्यात सरकतो तो भाग) आडव्या खाचांची रेल आहे. एक जण म्हणतो ती वीव्हर, दुसरा म्हणतो पिकॅटिनी. मी आणलेल्या रिंगांचा बोल्ट खाचेत उतरतच नाही. चूक रेलची की रिंगांची?

दोन्हींत खोट नाही, जोडी जुळलेली नाही. या दोन रेल लांबून सारख्याच दिसतात, पण खाच वेगळी असते. व्हर्नियर लावून खाचेची रुंदी मोजा. ५.२३ मिमी भरली तर पिकॅटिनी, ४.५७ च्या आसपास भरली तर वीव्हर. दुसरी खूण अंतराची. पिकॅटिनीत एका खाचेच्या मध्यापासून पुढच्या खाचेच्या मध्यापर्यंत सगळीकडे १०.०१ मिमी असतात. ही मापं अमेरिकी लष्कराच्या १९९५ च्या मानकाने ठरवून दिलेली आहेत. वीव्हरला असं बांधलेलं अंतर नाही, काही बेसना (रिसीव्हरवर बसणाऱ्या रेलच्या तुकड्यांना) तर दोनच खाचा असतात.

म्हणून वीव्हरची रिंग पिकॅटिनी रेलवर बसते, पण पिकॅटिनीची रिंग वीव्हरच्या अरुंद खाचेत उतरत नाही. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतं. कानस घेऊन खाच रुंद करायला जाऊ नका. धक्क्याचा भार त्याच भिंतीवर येतो आणि हाताने घासलेली भिंत सरळ राहत नाही. वीव्हरच्या रिंगा घ्या किंवा बेसच बदला.

वीव्हरची रिंग पिकॅटिनीवर लावली, तर खाचेत सुमारे ०.६ मिमी मोकळीक राहते. आवळण्याआधी रिंग पुढे, म्हणजे नळीच्या तोंडाकडे, सरकवून बोल्ट खाचेच्या पुढच्या भिंतीला टेकवा. गोळी सुटली की रायफल मागे येते आणि दुर्बीण जडपणामुळे जागच्या जागी राहू पाहते, म्हणजे रायफलच्या मानाने ती पुढे जाते. बोल्ट आधीच पुढे टेकलेला असेल, तर तिला सरकायला जागाच उरत नाही. पिकॅटिनी रिंगांनाही हाच नियम.

.२२ आणि एअर रायफलवर बहुधा खाचांची रेल नसते, रिसीव्हरच्या दोन कडांना कोरलेली तिरप्या उताराची खाच, म्हणजे डव्हटेल असते. तिचं रूढ माप ११ मिमी, पण कित्येक .२२ रायफलींवर ती ९.५ मिमीचीही सापडते. ११ ची क्लॅम्प ९.५ वर चढते आणि घट्टही वाटते, मात्र जबडा फक्त टोकाने पकडतो. हलकं आवळून मागून उजेडाकडे धरून पाहा. जबडा आणि डव्हटेलच्या उतारामध्ये उजेडाची फट दिसली, तर ती क्लॅम्प तुमच्या कामाची नाही.

प्रश्न : ५० मिमी भिंगाची दुर्बीण घेणार आहे. रिंगा लो, मीडियम की हाय?

हे शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या मापाने वापरते. एकीची मीडियम ही दुसरीची हाय असू शकते. उंची मिलिमीटरमध्ये विचारा, आणि ती कुठून कुठपर्यंत मोजली आहे तेही विचारा. काही जण रेलच्या माथ्यापासून दुर्बिणीच्या मध्यरेषेपर्यंतची उंची देतात, काही जण रिंगेच्या तळापर्यंतची. दुसऱ्या प्रकारात नळकांड्याची निम्मी जाडी मिळवावी लागते, म्हणजे ३० मिमीच्या नळकांड्याला १५ आणि एक इंची नळकांड्याला १२.७.

हिशेब असा. ५० मिमी हा भिंगाचा व्यास आहे, त्याभोवतीचं घर बाहेरून ५७ मिमीच्या आसपास जातं. म्हणजे मध्यापासून खाली २८.५. टोपी लावणार असाल तर तिचे २ मिमी, आणि नळीला टेकू नये म्हणून ३ मिमी मोकळी जागा. झाले ३३.५. आता भिंग जिथे येणार तिथे नळीचा माथा रेलच्या माथ्यापेक्षा किती खाली आहे ते पट्टी टेकवून मोजा. समजा ८ मिमी. वजा केल्यावर २५.५ उरतात. मध्यरेषेपर्यंत किमान एवढी उंची हवी, तेव्हा याच्या वरचं सर्वांत जवळचं माप घ्यायचं. रेल भिंगाखालपर्यंत लांब आली असेल, तर ८ वजा करता येणार नाहीत, कारण भिंग रेललाच टेकेल.

मागच्या बाजूला बोल्टची मूठ उचलून पाहा, आयपीसला, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगाच्या घराला, लागता कामा नये. आणि गाल. उंच रिंगांमुळे गाल दस्त्यावरून उठतो, मान अधांतरी राहते आणि डोळा दर शॉटला वेगळ्या जागी येतो. शक्य तितकी कमी उंची ही जुनी शिकवण यासाठीच. पण ती आंधळेपणाने पाळण्यातही अर्थ नाही. ज्याची मान लांब आहे त्याला बुटक्या रिंगांनी डोकं दाबून धरावं लागतं. गालपट्टी वर-खाली होत असेल, तर दोन-चार मिलिमीटरची काळजी सोडा.

प्रश्न : स्प्रिंगच्या एअर रायफलवर दुर्बीण बसवली आहे. तीस-चाळीस छर्ऱ्यांत माउंट मागे सरकतो. जोर लावून आवळलं तर एका स्क्रूचे आटे गेले. आता काय करावं?

आणखी जोर लावून हे सुटणार नाही. आधी माउंट मागेच का जातो ते पाहू. ट्रिगर ओढला की जड पिस्टन पुढे सुटतो आणि रायफल मागे येते. मग सिलिंडरच्या टोकाशी कोंडलेल्या हवेवर पिस्टन एकदम अडतो आणि रायफल पुढे हिसका खाते. हा दुसरा हिसका जास्त तीक्ष्ण असतो. रायफल पुढे गेली, दुर्बीण मागे राहिली, असं दर शॉटला थोडं थोडं होत जातं. काडतुसाच्या रायफलवर दुर्बीण पुढे सरकू पाहते, इथे मागे, त्यामुळे वरच्या उत्तरातला ‘पुढे टेकवा’ हा नियम इथे उलटा करायचा.

माउंट काढा. डव्हटेल, जबडे आणि स्क्रू आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसून कोरडे करा. नव्या रायफलवरचं गंजरोधक तेल तिथे राहिलं असेल, तर कुठलीही क्लॅम्प धरत नाही. दोन सुट्या रिंगांऐवजी एकसंध माउंट घ्या, पकड लांब मिळते आणि सहा स्क्रू भार वाटून घेतात. त्याच्या तळाला एक स्टॉप पिन असते. ती रिसीव्हरवरच्या भोकात बसायला हवी. पिन भोकात सोडल्यावर माउंट मागे ओढा, म्हणजे पिन भोकाच्या मागच्या भिंतीला टेकेल, आणि मगच आवळा.

पिन किती बाहेर काढायची इथे बरेच जण चुकतात. ती भोकाच्या तळाला लागली, तर माउंट डव्हटेलवरून केसभर उचलला जातो, जबड्यांची पकड निम्मी होते आणि वरून सगळं घट्ट दिसत राहतं. पिन आधी पूर्ण आत घ्या, माउंट हाताने बसवा, पिन तळाला टेकेपर्यंत हळू फिरवा आणि अर्धा फेरा मागे घ्या. रायफलला भोकच नसेल, तर माउंटच्या मागे टेकणारा वेगळा स्टॉप ब्लॉक मिळतो. भोक ड्रिलने स्वतः पाडू नका, खाली सिलिंडर आहे.

मग माउंटच्या मागच्या कडेला डव्हटेलवर पेन्सिलची रेघ मारा, आणि दुसरी रेघ रिंग व नळकांडं यांच्या सांध्यावर. पन्नास शॉटनंतर पाहा. पहिली रेघ उघडी पडली तर माउंट सरकतोय, दुसरी तुटली तर दुर्बीण रिंगेतून सरकते आहे. दोन्हींचे उपाय वेगळे.

दुर्बीण स्प्रिंगच्या एअर रायफलसाठी चालते असं कंपनीने लिहिलं आहे ना, तेही पाहून घ्या. साध्या दुर्बिणीची आतली बांधणी एकाच दिशेच्या धक्क्याचा विचार करून केलेली असू शकते, आणि उलट्या हिसक्याने आतली नेमाची फुली सैल पडते. शिवाय मोठ्या रायफलच्या कित्येक दुर्बिणींचा पॅरॅलॅक्स १०० यार्डांवर पक्का केलेला असतो. १० मीटरवर त्यांतून लक्ष्य धूसर दिसतं आणि डोळा हलला की फुलीही हलते. भरलेल्या हवेच्या पीसीपी रायफलला हा उलटा हिसका नाही, तिथे एवढा खटाटोप लागत नाही.

प्रश्न : स्क्रू नक्की किती आवळायचे? आणि लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारा डिंक) सगळीकडे लावायचं का?

इंच-पाउंडाचा किंवा न्यूटन-मीटरचा छोटा टॉर्क रेंच घ्या. अ‍ॅलन कीवर हाताचा अंदाज माणसागणिक बदलतो. एक न्यूटन-मीटर म्हणजे ८.८५ इंच-पाउंड. रिंगांच्या वरच्या झाकणांना साधारण १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर. रिसीव्हरमध्ये बेस धरणाऱ्या बारीक स्क्रूंना २० च्या आसपास. रिंग रेलला धरणाऱ्या आडव्या बोल्टचा आकडा मात्र फार बदलतो. जाड षट्कोनी नट असलेल्या पोलादी रिंगांना ६५ इंच-पाउंडपर्यंत सांगितलेले असतात, हलक्या अ‍ॅल्युमिनियमच्या रिंगांना त्याच्या निम्मेही नसतात. इथे कंपनीचा कागद शोधाच.

हे आकडे कोरड्या आट्यांचे. तेल किंवा ओलं लॉकटाइट असलं, की घर्षण कमी होतं आणि रेंचवर तोच आकडा दिसत असताना स्क्रू प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. म्हणून निळं, मध्यम ताकदीचं लॉकटाइट फक्त बेसच्या स्क्रूंना, एक थेंब, आणि टॉर्क सांगितलेल्या मर्यादेच्या खालच्या बाजूला. झाकणांचे स्क्रू कोरडेच ठेवा. लाल लॉकटाइट नकोच, ते सोडवायला नंतर कडक उष्णता द्यावी लागते.

बेस बसवल्यावर बोल्ट घालून चालवून पाहा, रिकामाच. स्क्रू एखादा आटा जरी लांब असला तरी मागचा बोल्टच्या वाटेत येतो आणि बोल्ट अडकतो. पुढचा त्याहून वाईट. तो नळीच्या आट्यांवर टेकतो, वरून घट्ट लागतो आणि बेस खाली दाबलाच जात नाही. एकेक स्क्रू काढून बोल्ट चालवला, की कोणता लांब ते कळतं. पाकिटात वेगवेगळ्या लांबीचे स्क्रू दिलेले असतात ते यासाठीच, जागा बदलू नका.

झाकणं आवळताना एका कोपऱ्यावरून तिरक्या कोपऱ्यावर जात, एका वेळी पाव फेरा. दोन्ही बाजूंच्या फटी सारख्या राहिल्या पाहिजेत. एक बाजू पूर्ण मिटवून दुसरी ओढली, तर दुर्बीण आवळताना फिरते आणि सरळ लावलेली फुली वाकडी होते. फार आवळल्याची खूण झूमच्या कड्यावर दिसते, ते जड फिरू लागतं. त्यापुढे नळकांड्यावर वळ उठतात. आतला भाग आवळला गेला असेल, तर टरेट, म्हणजे फुली सरकवायची चकती, फिरवूनही फुली हलत नाही आणि दोन शॉटनंतर एकदम उडी मारते. रिंग टरेटच्या घराला किंवा झूमच्या कड्याला चिकटून बसवू नका, दोन-तीन मिमी सोडा.

प्रश्न : रिंगा लॅप कराव्यात का, म्हणजे आतून घासून एकसारख्या कराव्यात का?

चांगल्या रिंगा एकसंध रेलवर असतील तर नको. दोन सुटे बेस असतील आणि नळकांड्यावर एकाच कडेचे ओरखडे उठत असतील, तर करा. नळकांड्याच्याच मापाचा दांडा आणि घासपेस्ट घेऊन रिंगेचा सुमारे तीन-चतुर्थांश पृष्ठभाग चमकू लागला की थांबा. पूर्ण चमकवण्याच्या नादात भोक मोठं होतं आणि पकड जाते. आतून प्लास्टिकची फिरती कडी असलेल्या रिंगा लॅप करायच्या नसतात, ती कडीच वाकडेपणा सांभाळून घेते.

प्रश्न : फुली सरळ आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. खांद्याला लावली की सरळ वाटते, स्टँडवर ठेवली की तिरकी.

खांद्याला लावताना तुम्ही रायफल थोडी कलवत असाल, डोळा मग ते सांभाळून घेतो. ओळंबा वापरा. वीस-पंचवीस मीटरवर जाड दोरीला वजन बांधून टांगा. वारा असेल तर वजन पाण्याच्या बादलीत सोडा. रायफल पक्क्या आधारावर ठेवून रेलवर आडवी स्पिरिट लेव्हल ठेवा, बुडबुडा मध्यावर आणा. झाकणं इतकीच सैल असावीत की दुर्बीण बोटाने फिरेल. फुलीची उभी रेघ दोरीवर जुळवा आणि आवळा. प्रत्येक स्क्रूनंतर पुन्हा पाहा.

त्याआधी डोळ्याचं अंतर ठरवा, कारण एकदा आवळल्यावर पुन्हा सगळं सोडावं लागेल. झूम सर्वांत जास्त ठेवा, नेहमीचं जॅकेट घाला, डोळे मिटून रायफल खांद्याला लावा आणि मग उघडा. चित्राभोवती काळी किनार दिसली, तर दुर्बीण पुढे-मागे करा. पालथं झोपून नेम धरताना डोळा जास्त पुढे येतो, उभ्याने मागे जातो. जास्त धक्क्याच्या रायफलवर आयपीस कपाळापासून ८ सेंमीपेक्षा जवळ नको, भुवई फुटते.

फुली तिरकी राहिल्याने होतं काय? जवळच्या लक्ष्यावर जवळजवळ काहीच नाही, म्हणून हा दोष लपून राहतो. लांबवर गोळीचं पडणं भरून काढायला टरेट वर फिरवला, की ते वर जाणं तिरकं होतं. ५० सेंमीची दुरुस्ती आणि ३ अंशांचा कल असेल, तर गोळी २.६ सेंमी बाजूला लागते. वारा नसताना दूरचे शॉट एकाच बाजूला जात असतील, तर आधी ओळंबा.

प्रश्न : २० एमओएची (एमओए म्हणजे अंशाचा साठावा भाग) तिरकी रेल घ्यावी असं सांगतात. ५० मीटरच्या .२२ ला तिची गरज आहे का?

फक्त ५० मीटरच असेल तर नाही. या रेलचा मागचा भाग किंचित उंच असतो, १३० मिमी लांबीत जेमतेम पाऊण मिलिमीटर. त्यामुळे दुर्बीण पुढे वाकते आणि टरेटची वर जायची मुभा वाढते. एक एमओए म्हणजे १०० मीटरवर २९ मिमी, २० म्हणजे ५८ सेंमी. दुर्बिणीची एकूण मुभा ६० असेल, तर मध्यापासून ३० वर आणि ३० खाली मिळतात. तिरक्या रेलवर त्याचे ५० वर आणि १० खाली होतात. लांब पल्ल्यासाठी उत्तम. पण एकूण मुभा ४० चीच असेल, तर खाली काही उरतच नाही आणि जवळचा झिरो, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणणारी जुळवणी, हाताला लागत नाही. घेण्याआधी दुर्बिणीच्या कागदावर हा आकडा पाहा.

नळी मोडून भरायच्या एअर रायफलींत नळीच थोडी खाली झुकलेली असते आणि टरेट टोकापर्यंत वर नेऊनही छर्रा खालीच लागतो. टोकाला आतली स्प्रिंग सैल पडते आणि झिरो तरंगू लागतो. तिथे तिरका माउंट खरोखर हवा. तात्पुरतं काम मागच्या बेसखाली शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालून भागतं. दोन बेस १०० मिमी अंतरावर असतील, तर ०.१ मिमीची शिम १०० मीटरवर १० सेंमी उचलते. शिम बेस आणि रिसीव्हरच्या मध्ये घाला. रिंग आणि नळकांड्याच्या मध्ये घातली तर नळकांडं वाकतं. बेसखालीही जाड शिम नको, ताठ रिंगांत दुर्बीण तेवढीच पिळली जाते.

प्रश्न : १० मीटर एअर रायफलच्या सामन्यात छोटी दुर्बीण चालेल का? पीप साइट (बारीक भोकातून नेम धरायची साइट) फार खाली येते, मान दुखते.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघ) १० मीटर एअर रायफल आणि ५० मीटर रायफल सामन्यांत दुर्बीण चालत नाही. नजरेचा चष्मा तुम्ही घालू शकता. साइट उंच करायला डव्हटेलवर बसणारे रायझर ब्लॉक मिळतात. मागे आणि पुढे सारख्याच उंचीचे बसवा. दोन्ही १० मिमीने उचलले, तर नेमरेषा तेवढी वर जाते आणि छर्रा १० मिमी खाली लागतो, ते मागच्या साइटच्या क्लिकने भरून काढायचं. एकच उचलला तर क्लिक अपुरे पडतील. पुढचा ब्लॉक नळीच्या तोंडाशी हलका जरी सैल असला, तरी १० मीटरवर दहाच्या ठिपक्यातून बाहेर जायला तेवढं पुरतं. सराव संपला की तो बोटाने हलवून पाहायची सवय ठेवा. पट्टा, हँडस्टॉप (पुढच्या हाताचा अडसर), ब्लाइंडर (डोळ्याजवळची झापड) यांना नियमांच्या मर्यादा आहेत. खरेदीआधी चालू वर्षाचं नियमपुस्तक उघडा.

प्रश्न : बायपॉड (रायफलच्या पुढच्या भागाखालचा दोन पायांचा आधार) लावल्यावर ग्रुप डावीकडे सरकला.

दस्ता वाकून नळीला टेकत असणार, प्लास्टिकच्या पोकळ दस्त्यात हे हमखास होतं. जाड कागदाची पट्टी नळी आणि दस्त्यामध्ये घालून रिसीव्हरपर्यंत सरकवा, आधी बायपॉड सैल ठेवून, मग रायफलवर नेहमीसारखा भार देऊन. दुसऱ्या वेळी पट्टी अडकली तर उत्तर मिळालं. त्या जागी दस्ता आतून घासून दीड-दोन मिमी फट करा. बायपॉड थेट नळीवर कधीच नको.

प्रश्न : सगळं बसवलं. आता झिरो कसा करायचा, आणि ग्रुप पुन्हा फिरला तर दोष माउंटचा की दुर्बिणीचा हे कसं ओळखायचं?

बोल्ट काढून रायफल आधारावर पक्की ठेवा, नळीतून मागून पाहत २५ मीटरवरचं लक्ष्य नळीच्या मध्यावर आणा आणि रायफल न हलवता फुली त्यावर आणा. पहिले शॉट मग कागदावर तरी येतात. पाव एमओएचा एक क्लिक १०० मीटरवर ७.३ मिमी, २५ मीटरवर १.८ मिमी. २५ वर ९ सेंमी खाली लागत असेल, तर पन्नास क्लिक. एका शॉटवरून दुरुस्ती करू नका, तीन शॉटचा मध्य धरा.

ग्रुप पुन्हा फिरला, तर आधी पेन्सिलच्या रेघा पाहा, मग टॉर्क रेंच लावून एकेक स्क्रू तपासा. दस्त्यातले अ‍ॅक्शनचे स्क्रूही विसरू नका, लाकूड ओल-कोरड्याने फुगतं-आटतं आणि ते सैल पडतात. सगळं जागेवर असेल, तर एकाच बिंदूवर नेम धरून चौकोन करा. एक शॉट, २० क्लिक वर, शॉट, २० उजवीकडे, शॉट, २० खाली, शॉट, २० डावीकडे आणि शेवटचा शॉट. पहिला आणि शेवटचा एकत्र आले आणि चौकोन सरळ असेल, तर दुर्बीण ठीक आहे. चौकोन मोडला, तर निकाल देण्याआधी झाकणांचे स्क्रू सोडून सांगितलेल्या टॉर्कला पुन्हा आवळा आणि एकदा तोच चौकोन करून पाहा. तरीही मोडला, तर दुर्बीण दुरुस्तीला पाठवा आणि सोबत तो कागद द्या.